'स्लॅब टेअर'ला मराठीत काय म्हणावं? तडा, चीर की उसवण?

देवगडची शिक्षिका
दहावीच्या मुलांसाठी टिपण लिहिते आहे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडताना मध्येच फाटतो आणि तिथले ज्वालामुखी वेगळे वागतात, हे सांगायचंय. एकाने 'तडा' सुचवलं, पण मला ते खटकतंय.

मालवणकर
तडा नकोच. तडा कडक वस्तूला क्षणात जातो आणि दोन्ही भाग बहुधा जागच्या जागीच राहतात. इथे फाटणं लाखो वर्षं सरकत जातं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना जाळ्याची एक बाजू खडकात अडकली नि दुसरी ओढली जात राहिली, की जाळं एकेक आस तुटत उसवत जातं, तसंच हे. पट्टाचा जड सागरी भाग खाली ओढला जातो, हलका खंडीय भाग वर अडून राहतो. माझं मत 'उसवण'ला.

रत्नागिरीकर
'चीर'ही बरा शब्द, पण आमच्याकडे चिरा म्हटलं की जांभ्याचाच डोळ्यांसमोर येतो. मलाही उसवण पटते, कारण पट्ट बऱ्याचदा आधीच कमजोर असलेल्या सांध्यावर फाटतो.

मात्र ताई, शब्दापेक्षा कारण नीट सांगा. एरवी बुडत्या पट्टातलं पाणी साधारण 100 किलोमीटर खोलीवर बाहेर पडतं, त्यामुळे पट्टाच्या वर असलेल्या प्रावरणाचा (भूकवचाखालच्या खडकाच्या जाड थराचा) वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. इटलीतला स्ट्राँबोली ज्वालामुखी या जातीचा. पट्ट उसवला की दुसरीच वाट उघडते. फटीतून, कडेवरून खालचं तप्त प्रावरण वर चढतं. वर येताना दाब घटतो आणि ते पाण्यावाचूनही वितळतं. सिसिलीच्या एटना ज्वालामुखीचं कोडं अनेक संशोधक असंच उलगडतात. तो आयोनियन पट्टाच्या फाटक्या कडेजवळ उभा आहे आणि त्याच्या लाव्ह्याची रासायनिक घडण स्ट्राँबोलीशी जुळत नाही.

ही फट कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. भूकंपलहरी थंड पट्टातून वेगाने जातात, तप्त प्रावरणातून सावकाश. त्या फरकावरून तिचा नकाशा काढतात. मुलांना हे जरूर सांगा, सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

दापोलीकर
आमच्या उन्हवऱ्याचं ऊन पाणी, तिकडे तुरळ-राजवाडीचे झरे, हेही अशाच उसवणीमुळे का?

रत्नागिरीकर
नाही. कोकणाखाली आज कुठलाच पट्ट बुडत नाहीये. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. आपला काळा कातळही पट्ट बुडून झालेला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून लाव्हा ओतला गेला. त्यामागे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा तप्तबिंदू (खोलातून तप्त प्रावरण वर येण्याची जागा) होता, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. मुरूडच्या किनाऱ्यावर खडकात उभ्या घुसलेल्या काळ्या भित्ती दिसतात, त्या अशाच भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या. त्यांना भेगच म्हणा. उसवण हा शब्द बुडत्या पट्टासाठी राखून ठेवा.

देवगडची शिक्षिका
मग असं लिहिते: 'बुडता भूपट्ट उसवला, की त्या फटीतून तप्त प्रावरण वर येते व लाव्हा तयार होतो.'

मालवणकर
मस्त. फक्त 'लाव्हा'च्या जागी 'शिलारस' करा. जमिनीवर आल्यावरच त्याला लाव्हा म्हणायचं, खाली असेतो शिलारसच.