झोझे कोर्तींबद्दल थोडं आणखी

झोझे कोर्ती हे पॅरिसचे प्रकाशक. त्यांच्याबद्दल एका सदस्याने 'कोर्ती म्हणजे फ्रेंच कादंबरीकार झ्युलियाँ ग्राकचे प्रकाशक, बस्स' असं लिहिलंय. तेवढ्यावर थांबणं मला अन्यायाचं वाटतं. ग्राक भेटण्याआधीच त्यांनी अतिवास्तववाद्यांची (स्वप्न आणि अबोध मनातून लिहिणाऱ्या कवी-लेखकांची) पुस्तकं छापली आणि विकली होती, जेव्हा त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग बागेसमोरच्या रू द मेदिसीवर त्यांचं छोटंसं दुकान होतं. दुकान आणि प्रकाशन एकाच छताखाली. ग्राकची पहिली कादंबरी गालिमार या बड्या फ्रेंच प्रकाशनाने नाकारली, ती 1938 साली कोर्तींनी काढली. 1951 साली ग्राकने गोंकूर हा फ्रान्सचा मानाचा साहित्य पुरस्कार नाकारला, पण कोर्तींची साथ मात्र सोडली नाही.

कोर्तींच्या पुस्तकांची पानं न कापलेली असत, वाचकानेच सुरीने उघडायची. मला हे फार आवडतं. पुस्तक वाचायला हात लागतात, नुसते डोळे नाहीत. प्रकाशनाचं बोधवाक्य होतं 'रियँ द कोम्यँ', म्हणजे सामान्य असं काही नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: त्यांचा एकुलता एक मुलगा दोमिनिक दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता. 1944 साली जर्मनांनी त्याला पकडून नेलं, तो परतलाच नाही. कोर्ती पुढे 1984 सालापर्यंत जगले आणि पुस्तकं काढतच राहिले.