सीईएमटी कोणाच्या हाती? लीडसाहेबांना उत्तर

धुऱ्यावरून : काल एका लीडसाहेबांनी इथे सीईएमटीबद्दल (सीआयसीएस या आयबीएमच्या मेनफ्रेम सिस्टीममध्ये फाइली, टास्क पाहायचा-बदलायचा कमांड) लिहिलं, "सगळे कमांड एकाच माणसाकडे असावेत. बाकी ऑपरेटरांनी स्क्रीन पाहावी आणि फोन करावा." वाचून डोकं सणकलं, म्हणून हे लांबण.

मी १४ वर्षं रातपाळी करतोय, आता दारव्ह्याजवळच्या गावातून. बॅचच्या, म्हणजे रात्री एकगठ्ठा चालणाऱ्या कामांच्या, आधी व्हीसॅम फाइली (मेनफ्रेमवरच्या डेटाच्या फाइली) बंद करायच्या, बॅच उरकली की उघडायच्या. रोजची झाडलोट आहे ही, तिच्यासाठी लीडला उठवायचं? एकदा लीडचा फोनच लागेना. बॅच तशीच ताटकळली आणि तिकडच्या बँकेच्या शाखा आदल्या दिवसाच्या बॅलन्सवर उघडल्या. शिव्या कोणाला? ज्याच्या हातात कमांडच नव्हता त्याला.

आयबीएमने वाटणी कधीचीच करून ठेवलीय. सीईएमटी मास्टरला, सीईएसटी सुपरवायझरला त्याच्या ताब्यातल्या टर्मिनलांपुरती, सीईओटी ज्याच्या त्याच्या टर्मिनलपुरती. सिस्टीम १९६९ची असेल, अक्कल आपल्यापेक्षा ताजी आहे. रोही (नीलगाय) तुरीत घुसल्यावर जागल्या मालकाला फोन लावून 'हाकलू का' विचारतो काय?

मास्तर टर्मिनल : तो लीड मीच. आता माझंही ऐका. दोन ऑपरेटर, दोघांनाही सगळे अधिकार. एकाने बॅचसाठी फाइल बंद केली. दुसऱ्याला ती बंद दिसली, त्याला वाटलं बिघाड आहे, त्याने उघडली. फाइल सिस्टीमच्या ताब्यात गेली, म्हणून बॅच ती उघडतानाच आपटली. दोघंही हुशार, दोघांचाही हेतू चांगला. त्याच महिन्यात तिसऱ्याने अडकलेला टास्क (चालू काम) साध्या पर्जला, म्हणजे रद्द करायच्या कमांडला, ऐकेना म्हणून फोर्सपर्ज मारला, म्हणजे जबरदस्तीने तोडला. डेटा धड राहीलच याची हमी त्यात नसते, हे त्याला नंतर कळलं. निस्तरलं मी, रविवारी, साळीचं लग्न सोडून.

आठवी शिफ्ट : मास्तर, तुमचं दुखणं अधिकारांचं नाही, निरोपाचं आहे. पहिल्याने लॉगबुकात ओळ लिहिली असती तर दुसऱ्याने हात लावला नसता. आणि रॅकफमध्ये (मेनफ्रेमवर कोणाला काय परवानगी ते ठरवणारी व्यवस्था) इन्क्वायरला, म्हणजे नुसतं पाहायला, रीड लागतं; सेटला, म्हणजे बदलायला, अपडेट. फाइलींचं अपडेट द्या, टास्कचं आणि शटडाउनचं देऊ नका. एका दुपारचं काम आहे.

एक बोलूनच टाकते. आमच्या टीममध्ये पोरांना सेट मिळालं, मला तीन वर्षं नुसतं इन्क्वायर. "ताई, तुम्ही पाहा आणि सांगा." त्यामुळे 'पाहावी आणि फोन करावा' वाचलं की माझं पित्त खवळतं.

काळी माती : राजेहो, ते रॅकफ जाऊ द्या. धुरेवाले भाऊ, जागल्या कोठी भेटते आजकाल? माह्या वावरात दोन वर्षांपासून कोणी जागलीले यायले तयार नाही. रोही परवडले, रानडुकरं तं एका रातीत चण्याचं वाटोळं करतात.

धुऱ्यावरून : झटका मशीन लावा.

काळी माती : लावली. ढगाळ दिवसांत बॅटरी उतरते. शेजारी म्हणते, तारेत सरळ लाइनच सोड.

आठवी शिफ्ट : अजिबात नको! झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर थांबून थांबून झटका देतं, जनावर बिचकून पळतं. लाइनच्या करंटने माणूस मरतो, वाघ मरतो, आणि वर गुन्हा. आमच्या गावात पाण्याची पाळी द्यायला गेलेला पोरगा असाच गेला. यावर गंमत नको.

काळी माती : गंमत नाही ताई. म्या त्याले नाहीच म्हटलं. पण तारेखालचं गवत काढाले माणूस लागतेच ना? गवत टेकलं का झटका मातीत. मंग मशीन घेऊन फायदा काय?

मास्तर टर्मिनल : इथे प्रॉडक्शन सिस्टीमबद्दल चाललं होतं बहुतेक.

धुऱ्यावरून : तेच तर सांगतोय. मशीन कितीही भारी असो, धुऱ्यावर उभ्या माणसाला गवत कापायची मुभा हवी.

मास्तर टर्मिनल : व्वा. १४ वर्षांत हे एक वाक्य कामाचं बोललात. ठीक, फाइलींचं सेट शिफ्टवाल्यांना देतो, प्रत्येकाला आपापल्या ॲप्लिकेशनपुरतं. लॉगबुकात ओळ नसेल तर परत काढून घेईन. शटडाउन आणि फोर्सपर्ज माझ्याकडेच. आणि ताईंना सेट आधी, तुम्हाला नंतर.

आठवी शिफ्ट : उपकार झाले. रिक्वेस्ट आत्ताच टाकते, सकाळपर्यंत विसराल.

काळी माती : बॅटरी किती अँपिअरची घेऊ, ते तं सांगा कोणी.