कोबोवर पॅच टाकण्याआधी

कोबो या ई-बुक रीडरला पॅच करायचं (म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटे बदल करायचे) तर आधी जेलब्रेक, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडणं, लागतं असं कोणीतरी म्हटलंय, म्हणून लिहितो. कोबोला ते लागत नाही. कोबोपॅच नावाचं साधन कंपनीच्या फर्मवेअरची (यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरची) झिप घेऊन संगणकावरच बदल करतं आणि कोबोरूट.टीजीझेड नावाची फाइल बनवतं. ती रीडरच्या लपवलेल्या .कोबो फोल्डरमध्ये टाकून केबल काढली की यंत्र स्वतः अपडेट होतं. कुठला पॅच हवा ते कोबोपॅचच्या यामल फाइलमध्ये (साधी मजकुराची सेटिंग्जची फाइल) 'नो'चं 'येस' करून ठरवायचं, बस.

खरी गोम आवृत्तीची. पॅच त्या त्या फर्मवेअरच्या क्रमांकाशी बांधलेले असतात, तेव्हा सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस इन्फर्मेशन' बघूनच फाइली उतरवा. पुढचं अधिकृत अपडेट आलं की सगळे पॅच पुसले जातात. मी म्हणूनच वायफाय एरवी बंदच ठेवतो (तसंही वाचताना कशाला हवं?).

मराठी वाचणाऱ्यांनी ओळींमधल्या अंतराचा पॅच जरूर बघावा. वेलांट्या-उकारांमुळे दाट ओळी एकमेकींत अडकतात, आणि हवी ती मापं तिथे स्वतः भरता येतात. फॉन्टसाठी मात्र पॅच नकोच. रीडरच्या स्टोरेजमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर 'फॉन्ट्स' (fonts) नावाचं फोल्डर करून त्यात 'मुक्त' किंवा 'नोटो देवनागरी' हा फॉन्ट टाकला की झालं.

नुसता मेनूत रीबूटचा पर्याय वगैरे हवा असेल तर निकेलमेन्यू हे मेनूत पर्याय वाढवणारं छोटं ॲड-ऑन पुरे. आणि तळपट्टीपासून समासापर्यंत सगळंच बदलायचं असेल, तर माझ्या मते पॅचच्या मागे न लागता सरळ केओरीडर हे वाचनाचं वेगळं ॲप टाका. कोबोची मूळ वाचनप्रणाली शाबूत राहते.