मदत हवी आहे: ४३० स्टेनलेसचा टिग जोड बेंड करताना बीडच्या कडेला तुटतो

सातपूरकर
नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरमध्ये आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, कँटीनचं सामान बनवतो. एरवी सगळं काम ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये असतं. यंदा एका ग्राहकाने स्वस्त पडतं म्हणून ४३० ची २ मिमी शीट दिलीय.

टिग वेल्डिंगचा बट जोड (दोन कडा समोरासमोर), फिलर म्हणजे वरून घातलेली तार नाही, शुद्ध आर्गॉन, ११० अँपिअर, १२ व्होल्ट, वेग मिनिटाला साधारण १०० मिमी. बीड (वितळून गोठलेली जोडाची रेघ) बघायला सुंदर, डाय पेनिट्रंटमध्येही (रंग लावून चिरा शोधायची तपासणी) काही सापडत नाही. पण बेंडची रेघ जोडाला समांतर आणि अगदी जवळून जाते, आणि ब्रेक प्रेसवर तिथेच चिरतं. बीडमध्ये क्वचित, बहुतेक वेळा बीडला लागून. तुटलेली कड खडीसाखरेसारखी चकाकते. दुपारी निभावून जातं, सकाळच्या थंडीत हमखास तुटतं.

शीटच्या सर्टिफिकेटवर (टक्के): कार्बन ०.०५, नायट्रोजन ०.०३, क्रोमियम १६.३, सिलिकॉन ०.३५, मँगनीज ०.४५, निकेल ०.२. म्हणजे माल ग्रेडमध्ये बसतो. मग दोष कशाचा? आणि अ‍ॅनिलिंग करून (तापवून मऊ करून) ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिककण, परत बारीक होतील का?

गॅसकटर
दादा, १५०-२०० डिग्री प्रीहीट करून (वेल्डच्या आधी तापवून) बघा. ४३० ला सांगतात तसं.

धातुवेडा
प्रीहीट जाड प्लेटला ठीक. २ मिमीला उलट पडेल, कारण जोडाची कड आणखी जास्त वेळ तापलेली राहील आणि इथे मूळ दुखणं तेच आहे.

चकाकणारी कड आणि सकाळची थंडी, या दोन गोष्टींत निदान झालं. ४३० फेरिटिक आहे, म्हणजे त्याची स्फटिकरचना फेरिट प्रकारची. ९५०-१००० च्या वर गेलं की फेरिटचे ग्रेन भराभर फुगतात, आणि साध्या कार्बन स्टीलसारखा थंड होताना पूर्ण फेज (स्फटिकरचना) बदल होत नसल्यामुळे ते फुगलेलेच राहतात. मोठ्या ग्रेनचं फेरिट नेहमीच्या हवेतही ठिसूळपणाच्या सीमेवर असतं, म्हणून पाच-दहा डिग्रीचा फरक तुम्हाला जाणवतो. ३०४ चेही ग्रेन वाढतात, पण निकेलमुळे त्याची रचना वेगळी, ऑस्टेनाइट असते आणि ऑस्टेनाइट थंडीत असं तुटत नाही. त्यामुळे ३०४ वर बसलेला हात इथे फसवतो.

दुसरी भानगड कार्बन-नायट्रोजनची. ही दोन्ही धातूला ऑस्टेनाइटकडे खेचतात. तापल्यावर फेरिटच्या ग्रेनसीमांवर थोडं ऑस्टेनाइट तयार होतं आणि थंड होताना त्याचं मार्टेन्साइट, म्हणजे कडक आणि ठिसूळ रचना, बनतं. हा धोका मोजायला काल्टेनहाउझरचा आकडा आहे (सगळं टक्क्यांत): क्रोमियम + ६ सिलिकॉन + ८ टायटॅनियम + ४ मॉलिब्डेनम + २ अ‍ॅल्युमिनियम, त्यातून ४० (कार्बन + नायट्रोजन), २ मँगनीज आणि ४ निकेल वजा. तुमच्या शीटचा येतो १३.५. ४३० च्या वर्गात मार्टेन्साइट टाळायला साधारण १७ च्या वर हवा. म्हणजे ग्रेन मोठे, आणि त्यांच्या सीमांवर कडक थर.

अ‍ॅनिलिंग ७५०-८०० ला केलं तर मार्टेन्साइट मऊ होईल, जोडाची गंज-प्रतिकारशक्तीही सुधारेल. ग्रेन मात्र बारीक होणार नाहीत. त्यासाठी आधी कोल्ड रोलिंग लागतं, ते जोडावर कुठून करणार?

सातपूरकर
सर, आकडेमोड करून दिलीत, फार आभार. मग ही शीट संपेपर्यंत काय करू? आणि पुढच्या वेळी ग्राहकाला कोणता ग्रेड सांगू?

धातुवेडा
आधी उष्णता कमी करा. सध्या मिलिमीटरमागे ०.७९ किलोजूल जातेय. १३० अँपिअर आणि २५० मिमी वेग धरला तर ०.३७ वर येते. करंट वाढला तरी चालेल, हात भराभर चालला पाहिजे. खाली तांब्याची पट्टी ठेवा. शक्य तिथे आधी बेंड, मग वेल्ड. तेही जमत नसेल तर बेंडची रेघ जोडापासून लांब न्या, किंवा तो पट्टा १०० डिग्रीच्या आसपास कोमट करून वाकवा.

मागच्या बाजूला नायट्रोजन सोडू नका, आणि ३०४ ची आर्गॉन-हायड्रोजनची बाटली या कामाला लावू नका. पहिल्याने मार्टेन्साइट वाढेल, दुसरीने हायड्रोजनचे तडे.

पुढच्या वेळी ४३९ मागा. त्यात कार्बन कमी असतो आणि टायटॅनियम किमान ०.२० + ४ (कार्बन + नायट्रोजन) इतकं असतं. ते दोघांना बांधून ठेवतं, म्हणून मार्टेन्साइट होत नाही. शिवाय टायटॅनियम नायट्राइडचे कण वितळलेल्या धातूत नव्या ग्रेनना बीज पुरवतात, त्यामुळे बीडच्या मध्यावर लांबट ग्रेनऐवजी बारीक, गोलसर ग्रेन मिळू शकतात. कडेचे ग्रेन तिथेही वाढतात, थोडे कमी. त्यामुळे ४३९ घेतलं तरी वेग सोडू नका.

गॅसकटर
३०९एल (ऑस्टेनिटिक स्टेनलेसचा) फिलर घातला तर?

धातुवेडा
बीड ऑस्टेनिटिक होईल, चिवट होईल. पण सातपूरकरांचं तुटतंय बीडच्या शेजारी, आणि तिथे शीटच आहे, फिलर पोचत नाही. २ मिमीला मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

सातपूरकर
उद्या तांब्याची पट्टी लावून दोन नमुने मारतो, एक सकाळी आणि एक दुपारी वाकवतो. फोटो इथेच टाकेन.