मदत हवी आहे : तीन थरांचा नारळाचा केक, दोनदा फसलाय, शनिवारी कार्यक्रम

येत्या शनिवारी आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत आणि मी सगळ्यांसमोर बोलून बसलेय की केक मीच करणार, तोही तीन थरांचा आणि नारळाचा, कारण आईला नारळाचं काहीही चालतं. साधा स्पंज मला बऱ्यापैकी जमतो, चॉकलेटचा तर डोळे मिटून करते, पण हा प्रकार लागोपाठ दोन रविवार फसलाय आणि आता एकाच ट्रायलपुरता वेळ उरलाय.

प्रमाण असं : मैदा ३०० ग्रॅम, साखर ३५० ग्रॅम, बटर १७० ग्रॅम, ३ अंडी, १ कप नारळाचं दूध, ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा कप डेसिकेटेड कोकोनट. रेसिपी ८ इंची दोन टिनांची आहे आणि माझ्याकडे ८ इंची एकच उंच टिन, म्हणून पहिल्यांदा सगळं त्यातच ओतलं, म्हटलं नंतर आडवे काप देऊन तीन थर काढू. १८० वर ठेवला. ३५ मिनिटांत वरून मस्त ब्राउन, मधे डोंगर, डोंगराला भेग, सुरी घातली तर आत चक्क पातळ! अजून २५ मिनिटं ठेवला तर कडा बिस्किटासारख्या झाल्या आणि बाहेर काढल्यावर डोंगराच्या जागी खड्डा.

दुसऱ्या वेळी दोन घाण्यांत भाजला. नीट भाजला गेला, पण चव यावी म्हणून डेसिकेटेड कोकोनट अर्ध्याचा एक कप केला होता, त्यामुळे की काय केक इतका कोरडा झाला की प्रत्येक घासाला पाणी लागत होतं. वर क्रीम फेटताना त्यातही थोडं नारळाचं दूध घातलं, ते अर्ध्या तासात ढिलं पडलं आणि वरचा थर हळूहळू निघाला एका बाजूला. फोटो काढला नाही, धीरच झाला नाही.

तर कोरडेपणा कशाने आला, फ्रीजबाहेर तीन तास टिकेल असं कुठलं क्रीम लावू, आणि डेसिकेटेडऐवजी ओला नारळ खवून घातला तर? नारळाचा इसेन्स सुचवू नका प्लीज, एकदा घातला होता, डोक्याला तेल चोपडून केक खायला बसल्यासारखं वाटलं.

प्रतिसाद
पहिला केक टिनमुळे गेला, तुमच्यामुळे नाही. एवढं मिश्रण एका उंच टिनमधे ओतलं की कडा आधी सेट होतात, मधलं उशिरा फुगतं, ते वर फुटून डोंगर होतो आणि आत कच्चं राहिलं की नंतर बसतं. वजनकाट्यावर मिश्रणाचे सारखे तीन भाग करा आणि त्याच टिनमधे एकामागून एक तीन पातळ थर भाजा, १७० वर, साधारण २२ ते २५ मिनिटं, २० मिनिटं होईपर्यंत दार उघडायचं नाही. उरलेलं मिश्रण झाकून फ्रीजमधे ठेवा. हल्लीची बेकिंग पावडर बरंचसं काम उष्णता लागल्यावर करते, त्यामुळे तासभर थांबल्याने फार बिघडत नाही. दर वेळी टिन पूर्ण गार करून मगच नवं मिश्रण ओता, नाहीतर कडेचं बटर आधीच वितळायला लागतं. ओव्हनचा फॅन चालू ठेवत असाल तर १५-२० डिग्री कमी.

प्रतिसाद
कोरडेपणाचा चोर डेसिकेटेड कोकोनट. ते वाळवलेलं खोबरं, मिश्रणातलं पाणी पिणारच, आणि तू ते दुप्पट केलंस! अर्धा कपच घे आणि वेगळ्या पाव कप कोमट नारळाच्या दुधात अर्धा तास भिजवून मग घाल. एक विचारू का, दुधाचा डबा उघडायच्या आधी हलवला होतास? घट्ट भाग वर तरंगतो आणि खाली पाणी राहतं.

धागाकर्ती
अय्या, नाही हलवला. वरची साय चमच्याने काढून क्रीममधे घातली आणि खालचं केकमधे. म्हणजे केकमधे नुसतं पाणीच गेलं म्हणायचं.

प्रतिसाद
हा हा, तिथेच उत्तर मिळालं. नारळाची चव त्या स्निग्धांशात असते, कीस कितीही वाढवला तरी तोंडात चोथाच येणार. डबा हलवून, सगळं एकजीव करून मगच माप घे. दूध आणि अंडी फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढ, गार घातलीस तर बटर गोठतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. आणि भाजून झाल्यावर अर्धा कप नारळाच्या दुधात दोन चमचे साखर गरम करून विरघळव, थर कोमट असताना ब्रशने लाव, ओतू नकोस. माझ्या मते या केकची खरी चव यातच आहे, बाकी सगळा थाट.

प्रतिसाद
क्रीमचं मी सांगतो. दुधाचं व्हिपिंग क्रीम उभं राहायला त्यात निदान ३० टक्के तरी फॅट लागतं आणि थंडावा लागतो, तुम्ही त्यात बाहेरचं द्रव घातलंत आणि वर फ्रीजबाहेर ठेवलंत. तीन तासांसाठी ते विसरा, क्रीम चीजही नको. बटरक्रीम करा, २५० ग्रॅम मऊ बटर पाच मिनिटं पांढरं होईपर्यंत फेटायचं, मग चाळलेली आयसिंग शुगर, शेवटी दोन-तीन चमचे नारळाची साय, तीही बटरइतक्याच तापमानाला आलेली.

प्रतिसाद
साधं बटरक्रीम फार गोड होतं हो. स्विस मेरिंग करा, अंड्याचं पांढरं आणि साखर वाफेवर ७१ डिग्रीपर्यंत तापवून, फेटून पूर्ण गार झालं की थोडं थोडं बटर. मधेच दह्यासारखं फाटलं तर घाबरायचं नाही, फेटत राहा, जुळून येतं.

प्रतिसाद
ज्या बाईचे दोन केक फसलेत तिला चार दिवसांवर कार्यक्रम असताना पहिल्यांदा स्विस मेरिंग करायला लावताय? साधंच करू दे, चिमूटभर मीठ घाल, गोडी मारली जाते. थर लावताना प्रत्येकाच्या कडेला बटरक्रीमचा बांध घाल आणि मगच मधे भर, म्हणजे वजनाने बाहेर येत नाही. डोंगर आला असेल तर करवतीसारख्या सुरीने सपाट कर, थर घसरण्याचं निम्मं कारण तेच असतं. बाहेरून आधी एक पातळ हात, अर्धा तास फ्रीज, मग दुसरा हात. खवलेला ओला नारळ आत नको, बाहेर लवकर आंबतो, फारच वाटलं तर कापायच्या आधी वर भुरभुरव. त्यापेक्षा थोडं डेसिकेटेड कढईत मंद आचेवर बदामी कर आणि बाजूंना दाबून लाव, फक्त तिथून हलू नकोस, रंग यायला लागला की बघता बघता करपतं.

धागाकर्ती
केली ट्रायल!! तीन घाण्यांत, वजन करून, डबा हलवून. दोन थर सपाट आले, तिसरा एका बाजूला जरा कलला, बहुतेक माझ्या ओव्हनची ती बाजू जास्त तापते, तो सपाट करून मधे लपवला. साखरदूध लावल्यावर फरक कळला, नवरा उभ्याउभ्या दोन तुकडे खाऊन गेला आणि मग विचारतो, हा पाहुण्यांचा होता का. बटरक्रीम ओट्यावर तीन तास ठेवून पाहिलं, जागचं हललं नाही. पण एक, फ्रीजमधून काढल्या काढल्या केक दगडासारखा लागला, असं का?

प्रतिसाद
बटरचा केक आहे, गारव्यात घट्ट होणारच. कापायच्या दीड तास आधी बाहेर काढा, मऊ पडेल. थर शुक्रवारी भाजा, साखरदूध लावा, गार झाले की प्लास्टिकमधे घट्ट गुंडाळून ठेवा, क्रीम शनिवारी सकाळी. न्यायचा कसा आहे?

धागाकर्ती
गाडीने, पाऊण तास. मांडीवर घेऊन बसणार होते.

प्रतिसाद
मांडीवर अजिबात नको! मांडी उतरती असते आणि गरमही. फ्रीजमधून काढून गारच न्या, खोक्याखाली घसरू नये असं काहीतरी अंथरून पुढच्या सीटच्या पायाशी सपाट जागेत ठेवा. केकच्या मधोमध एक लांब लाकडी काडी खुपसा आणि कापायच्या आधी ती आठवणीने काढा.

धागाकर्ती
काडीचं नवऱ्याच्या मोबाईलमधे रिमाइंडर लावून ठेवलंय. शनिवारी रात्री येऊन सांगते.