पंधरा वर्षांचा मुलगा क्षणात भडकतो, का विचारलं तर ‘माहीत नाही’

परवा बहिणीने याचा चार्जर घेतला, एवढंच निमित्त, आणि याने हातातला मोबाईल भिंतीवर आपटला. स्क्रीनचा चुरा. मी दहा मिनिटांनी खोलीत डोकावले तर साहेब फरशीवर बसून चिकटपट्टीने काचा गोळा करतायत आणि डोळ्यातून घळाघळा पाणी. का केलंस विचारलं तर म्हणे माहीत नाही. या उत्तराने माझंच डोकं फिरतं हो! पूर्वी असा नव्हता, वर्षभरात फार झालंय. वयाचा भाग म्हणून सोडून द्यायचं की कुणाला दाखवायचं?

निवांत: ताई, तो खोटं बोलत नसेल, त्याला खरंच माहीत नसतं. मेंदूतला भावना उसळवणारा भाग वयात येताना जोरात सुरू होतो आणि ‘थांब जरा’ म्हणणारा कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो पंचविशीपर्यंत घडतच असतो. झोप किती होते त्याची? या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, रात्री उशिरा वाढतं त्यामुळे लवकर झोप म्हटलं तरी येत नाही आणि सकाळी शाळेला उठायचं तर असतंच. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास लागतात. आमच्याकडची निम्मी भांडणं अर्धवट झोपेची होती.

खडूफळा: मेंदू मेंदू करून सगळं माफ करू नका पण. मोबाईल फोडला ना, मग काही दिवस बिनमोबाईलचा राहू दे, ओरडायची गरजच नाही. आणि मित्रांसमोर कसा वागतो तेही बघा. 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर प्रयोग केला होता, मित्र शेजारी असले की 13 ते 16 ची मुलं एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करायची, 24 च्या पुढच्यांना फारसा फरक पडत नव्हता. मी वर्गात हे रोज बघतो, एकेकटी सगळी गुणी बाळं.

उंबरठा१९: मी 19 ची आहे, अजून विसरले नाही म्हणून लिहिते. आई समोर उभी राहून ‘का केलंस’ म्हणाली की उलटतपासणी वाटायची, तोंडच उघडायचं नाही. बाबा गाडी चालवताना रस्त्याकडे बघत काहीतरी फालतू विचारायचे आणि मी घडाघडा सगळं बोलून मोकळी.

निवांत: एक राहिलं. चिडचिड किंवा उदासी दोन आठवडे हटतच नाहीये, जेवण-झोप बिघडली, मित्र तोडले, अंगावर कापल्याच्या खुणा, ‘मी नसतो तर बरं’ अशी भाषा, यातलं काही दिसलं तर वयाचा भाग म्हणत बसू नका, डॉक्टरकडे न्या, शेवटच्या दोन गोष्टी असतील तर त्याच दिवशी. आणि मरायचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती: काल भांडी पुसताना शेजारी उभा होता, त्याच्याकडे न बघताच विचारलं. मरायचं वगैरे नाही म्हणाला, पण दोन महिने झाले म्हणे वर्गातल्या ग्रुपमधून त्याला काढलंय. मला पत्ताच नव्हता. रात्री दोन-दोनपर्यंत जागा असतो तो त्यापायीच. सोमवारी शाळेच्या समुपदेशकांना भेटतोय, तो स्वतः येतो म्हणालाय.