पाच शिखरं, एक दिवस आणि पावसाचा अंदाज: जावं का?

भटकभवानी:
येत्या रविवारी आम्ही चौघं एकाच धारेवरची पाच शिखरं एका दिवसात करायचं म्हणतोय. नकाशावर मोजलं तर साधारण १९ किलोमीटर, सगळे चढ मिळून १,६०० मीटर. धार पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. अंदाज म्हणतो सकाळी ढगाळ, दुपारी पाऊस, वर पश्चिमेचा वारा ताशी ५० किलोमीटरपर्यंत. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिखरामधली खिंड चांगलीच खोल आहे.

एका मित्राचं म्हणणं, 'फार तर भिजू.' वर बॉब ग्रॅहमचा दाखला देतो, की त्यानं १९३२ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली ४२ शिखरं चोवीस तासांच्या आत केली, आपली तर पाचच. मला पावसाचं काही नाही, धुक्याची धास्ती आहे. सुरुवात कुठल्या टोकाकडून करावी? रेनकोट आणि हेडटॉर्च सगळ्यांकडे आहेत, होकायंत्र एकच.

वाटसरू:
पुढं ढकला. डोंगर कुठं पळून जात नाहीत.

खिंडकरी:
डोंगर नाही पळत, सुट्ट्या पळतात! तेव्हा जायचंच असेल तर कसं, ते बोलू. (ग्रॅहमनं ते जूनमध्ये केलं होतं, तिकडे तेव्हा रात्र जेमतेम असते. मित्राला सांगा.)

आधी वेळ. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा आजही कामाला येतो: ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमचे आकडे घातले की साडेसहा तास निघतात. त्यात थांबणं धरलेलं नाही, निसरडी उतरण नाही, धुक्यात नकाशा घेऊन उभं राहणं नाही. मी नऊ तास धरेन, तेही चौघांत जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या पायांनी. शिखरांची उंची बघून दिवस आखू नका. खिंडीत उतरून जे घालवलं ते पुन्हा चढावं लागतं आणि माणसं दमतात ती तिथंच.

दिशा म्हणाल तर पश्चिमेकडून निघा, वारा पाठीशी राहील. पण पाठीवरचा वारा फसवा असतो. किती आहे ते कळतच नाही, आणि मागं वळलात की तोच तोंडावर. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे २५ चा ५० झाला की चौपट. म्हणून 'वाटलं तर परत फिरू' यावर विसंबू नका. कुठल्या खिंडीतून कुठल्या बाजूला खाली उतरता येतं, ते आजच नकाशावर खुणा करून ठेवा. उतरताना कडा लागतो का, ओढा ओलांडावा लागतो का, तेही बघा. ओढा लागत असेल तर पावसाच्या दुपारी ती वाट नाहीच असं समजा.

आणि पुढं जायचं की नाही, हे खिंडीत ठरवा, माथ्यावर नको. माथ्यावर सगळ्यांना चेव चढलेला असतो, समोरचं शिखर हाकेच्या अंतरावर वाटतं. तुमची ती खोल खिंड म्हणजे या दिवसाचा उंबरठा. तिथं अमुक वाजेपर्यंत पोचलो नाही तर उतरायचं, ही वेळ घरूनच ठरवून निघा आणि चौघांना पाठ असू दे.

धुक्याबद्दल तुमची धास्ती रास्त आहे. वाट सहसा चुकते ती उतरताना. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडेच नेतात, उतरताना त्याच फुटतात आणि ढगात एकीसारखी दुसरी दिसते. प्रत्येक माथ्यावरून सुई बघूनच पहिलं पाऊल टाका. कोणाकडे दाबावर उंची दाखवणारं घड्याळ असेल तर दर खिंडीत ते नकाशातल्या उंचीशी जुळवून घ्या. हवेचा दाब पडला की ते उंची वाढवून सांगतं, १ हेक्टोपास्कलला साधारण ८ मीटर. अंधार पडलाच तर हेडटॉर्च कपाळावर नको, उजेड धुक्यावरून डोळ्यांत परततो. हातात, कमरेशी धरा. दुसरं होकायंत्र घ्याच. फोन ओल्या बोटांना दाद देत नाही.

ओलाचिंब:
'फार तर भिजू' वाल्या मित्रासाठी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं ओढून नेतं. हाडं गोठायला बर्फ लागत नाही. १० अंश, ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं. एका धारेवर आमच्यातला सगळ्यात बडबड्या गडी एकदम गप्प झाला. जॅकेटची चेन ओढायला गेला तर टोक चिमटीत येईना. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा त्यानं नादच सोडला, आणि तोंडानं मात्र 'मी ठीक आहे' चालूच. कोणी असं अडखळायला लागलं की त्याला विचारत बसू नका. आडोसा बघा, ओलं काढून कोरडं घाला, खायला द्या आणि खाली चला. कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये, सुती काही नको.

विजांचा इशारा आला तर मात्र वाटसरूंचंच ऐका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आला तर धार सोडायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर पाय ठेवायचा नाही. चौघं एकत्र घोळका करून बसू नका.

भटकभवानी:
ठरलं. पश्चिमेकडून, उजाडताना निघायचं. खोल खिंडीत साडेअकरापर्यंत पोचलो नाही तर दक्षिणेच्या वाटेनं उतरायचं. नकाशात तिकडे ओढा नाही, उत्तरेला दोन आहेत. शनिवारी रात्री अंदाजात विजा दिसल्या तर रद्द. मित्राला चेनीचा किस्सा वाचून दाखवला. म्हणतो, 'माझ्या जॅकेटला बटणं आहेत.'

खिंडकरी:
मग त्याला सगळ्यात पुढं ठेवू नका. मधे ठेवा.